घोयऱ्याची धाव कुठपर्यंत?

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांतून सरड्याला बरे दिवस येतात. काल या पक्षात आणि आज त्या पक्षात दिसणाऱ्या पुढाऱ्याला उपमा द्यायची, तर सरड्यासारखा हुकमी प्राणी दुसरा नाही. व्यंगचित्रकार त्याच्या डोक्यावर टोपी चढवतात, अग्रलेखात तो हमखास डोकावतो आणि विरोधकाच्या भाषणात टाळ्या मिळवून जातो. एवढ्यावरही आपले समाधान झालेले नाही. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ अशी म्हण करून आपण त्याच्या कुवतीलाही हसून घेतले आहे. एका वाक्प्रचाराने त्याला लबाड ठरवले आणि दुसऱ्याने तोकडा. परंतु ज्याच्या नावावर आपण एवढे खपवतो, तो रंग बदलणारा प्राणी आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिला आहे?

‘सरडा तर रोजच पाहतो की,’ असे कोणीही म्हणेल. ते खरेही आहे. कुंपणाच्या काठीवर मान वर-खाली करीत बसलेला, माणूस जवळ गेला की सुळकन पलीकडे उतरणारा खडबडीत सरडा आपल्या ओळखीचा आहे. विणीच्या दिवसांत या नराचे डोके आणि खांदे लालभडक होतात. या लालीमुळेच इंग्रजांनी त्याला ‘रक्त पिणारा’ असे भलतेच नाव देऊन टाकले होते. वास्तविक तो कोणाचे रक्त पीत नाही, किडे खातो. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘व्हर्सिकलर’ हा शब्दही रंग पालटणारा याच अर्थाचा आहे. कुंपणापर्यंत धावणारा सरडा तो हाच. म्हण करणाऱ्याने त्याला बारकाईने पाहिले होते यात शंका नाही.

पण रंगपालटाच्या कलेत ज्याची जगभर कीर्ती आहे, तो हा नव्हे. तो निराळा. मराठीत त्याला घोयरा सरडा म्हणतात आणि शहरी वाचक त्याला शॅमेलिऑन या नावाने ओळखतात. तो धावत तर नाहीच, नीट चालतही नाही. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. भारताच्या वाट्याला मात्र एकच जात आली आहे. ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’ हे तिचे शास्त्रीय नाव. लॉरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ साली ते ठेवले. श्रीलंकेचा कोरडा भाग, गंगेच्या दक्षिणेकडचा भारत, पश्चिमेला कच्छ आणि त्यापलीकडे पाकिस्तानचा काही भाग, एवढा तिचा पसारा. भारताच्या पूर्वेला शॅमेलिऑन नाहीत. आफ्रिकेत भरभराटलेल्या या घराण्याची पूर्वेकडची शेवटची शाखा आपल्या दारात आहे, असे म्हटले तरी चालेल.

घाटमाथ्यावरचा बैरागी

इगतपुरी म्हटले की मुंबईकराला रेल्वे आठवते. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग वर चढला आणि इगतपुरी हे नाव साऱ्या देशाच्या वेळापत्रकात गेले. अलीकडे काहींना विपश्यना केंद्र आठवते, काहींना पावसाळी सहल. निसर्गाच्या दृष्टीने मात्र इगतपुरीचे महत्त्व वेगळेच आहे. हा दोन महाराष्ट्रांचा उंबरठा आहे. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या सिन्नरला पोचेपर्यंत तो पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. इकडे भातखाचरे आणि धुके, तिकडे बाजरी, बोरी-बाभळी आणि उघडे माळ. एका तासाच्या एस.टी. प्रवासात झाडे बदलतात, माती बदलते आणि बांधावरची काटेरी झुडपेही बदलतात.

घोयरा दाट, ओल्या जंगलाचा रहिवासी नव्हे. त्याला मोकळे झुडपी रान, झाडांच्या रांगा, शेताचे बांध आणि कुंपणे मानवतात. म्हणून घाटमाथ्यावरच्या झडीच्या जंगलापेक्षा घोटीच्या बाजूला, उताराच्या शेतीत त्याला शोधणे अधिक शहाणपणाचे. शोधणे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. घोयरा सहज दिसत नाही. करवंदीच्या जाळीत वीतभर अंतरावर तो बसलेला असतो आणि आपण तिथेच उभे राहून करवंदे खात असतो.

दिसला, तर पहिल्या नजरेला तो प्राणी वाटत नाही. शेपटीसकट जेमतेम दीड वीत लांबी. अंग दोन्ही बाजूंनी चेपलेले, एखादे पान उभे धरावे तसे. डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले हाडाचे शिरस्त्राण. कानाचे भोक बाहेरून दिसतच नाही. हनुवटीपासून पोटाखालून गेलेली बारीक पांढऱ्या खवल्यांची रेघ. शेपूट अंगाइतकीच लांब, आणि तिचा उपयोग पाचव्या हातासारखा. फांदी बदलताना ती आधी विळखा घालून घेते, आणि मालक स्वस्थ बसला की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवली जाते. नराच्या मागच्या पायाला टाचेशी एक लहानसा काटा असतो. या जातीचे एक जुने शास्त्रीय नाव ‘कॅल्कॅरेटस’, म्हणजे आरवाला, असे होते ते त्यावरून.

पाय पाहिले की निसर्गाच्या सुतारकामाचे कौतुक वाटते. पाच बोटे आहेत, पण ती सुटी नाहीत, दोन जुड्यांत बांधलेली आहेत. पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन आणि बाहेर दोन, तर मागच्या पायात आत दोन आणि बाहेर तीन. त्यामुळे प्रत्येक पाय म्हणजे एक चिमटा. या चार चिमट्यांनी तो बोटभर जाडीच्या काटकीवरून बिनधोक जातो. चालतो मात्र असा, की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. एक पाय उचलायचा, तो हवेत ठेवून पुढे-मागे डुलायचे, मग तो टेकवायचा. पुन्हा डुलायचे. वाऱ्याच्या झुळकेने पान हलावे तसा हा प्रकार. शत्रूच्या नजरेला झुडपात एक पान हलल्यासारखे वाटावे, एवढाच त्याचा हेतू. सबंध अंगात घाई नावाची गोष्ट नाही. अपवाद फक्त जिभेचा.

दोन डोळे, दोन दिशा

घोयऱ्याचे डोळे हे एक प्रकरणच आहे. पापण्या एकमेकींना जुळून त्यांचा शंकू झालेला, आणि टोकाला बाहुलीपुरते भोक. हे दोन शंकू स्वतंत्रपणे फिरतात. एक डोळा मागून येणाऱ्या शिक्रा पक्ष्याची चाहूल घेत असतो, त्याच वेळी दुसरा समोरच्या पानावरचा नाकतोडा न्याहाळत असतो. भक्ष्य पक्के झाले की मग दोन्ही डोळे समोर वळतात आणि नेम धरला जातो.

साहजिकच शास्त्रज्ञांना वाटे की माणसाप्रमाणे दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्रांतील फरकावरून तो अंतर मोजत असावा. हार्कनेस या संशोधिकेने १९७७ साली यावर एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. तिने शॅमेलिऑनला चक्क चष्मे लावले! भिंगे बदलली तसा त्याचा नेम हुकू लागला, कधी जीभ आखूड पडे तर कधी लांब. एक डोळा झाकला तरी त्याचे फारसे अडले नाही. निष्कर्ष असा, की कॅमेऱ्याचे भिंग फिरवून छायाचित्रकार जसा चित्र स्पष्ट करतो आणि त्यावरून अंतर जाणतो, तसाच हा प्राणी डोळ्याच्या भिंगाच्या ताणावरून अंतर ओळखतो. पुढे १९९५ साली असेही आढळले, की त्याच्या डोळ्यातले भिंग इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या उलट, प्रकाशकिरण पसरवणारे आहे. दूरचे चित्र मोठे करून पाहण्याची ही सोय. छायाचित्रकार हजारो रुपये मोजून जी टेलिफोटो लेन्स घेतात, ती याला जन्मतःच मिळालेली असते.

नेम ठरला की जीभ सुटते. शॅमेलिऑनची जीभ शेपूट सोडून उरलेल्या अंगापेक्षा लांब जाते. तोंडात ती एका टोकदार हाडावर चुण्या करून बसवलेली असते. जीभ सोडणारा स्नायू आधी आकसतो आणि हाडाभोवतीच्या लवचिक आवरणांत ताण साठवतो. धनुष्याची दोरी खेचावी तसा. मग हा ताण एकदम मोकळा होतो. सारे इतक्या झटपट घडते, की डोळ्याला दिसतो तो फक्त नाहीसा झालेला किडा. जिभेच्या टोकाचा चिकटा किती दाट असतो हेही २०१६ साली मोजले गेले. तो माणसाच्या लाळेच्या सुमारे चारशे पट घट्ट भरला.

इगतपुरीच्या थंडीत या धनुष्याचा खरा उपयोग कळतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अंग बाहेरच्या हवेबरोबर थंड होते आणि स्नायू मंदावतात. सकाळी साधा सरडा उन्हाची वाट पाहत बसतो तो त्यामुळेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात येमेनकडच्या शॅमेलिऑनना पंधरा अंशांच्या गारव्यात ठेवून त्यांच्या जिभेचे चित्रीकरण केले गेले. जीभ सुटण्याचा वेग थोडाच कमी झाला, ती परत ओढण्याचा वेग मात्र खूपच घटला. कारण सोडण्याचे काम साठवलेला ताण करतो, ओढण्याचे काम निव्वळ स्नायू. म्हणजे धुक्यात गारठलेला शॅमेलिऑनही न्याहारी मिळवू शकतो, फक्त घास तोंडात यायला थोडा उशीर लागतो.

रंग लपवतो की सांगतो?

आता मुख्य आरोपाकडे वळू. घोयरा जिथे बसेल तिथला रंग घेतो, हिरव्या पानात हिरवा आणि लाल कापडावर लाल होतो, अशी आपली ठाम समजूत आहे. ती खरी नाही. घोयऱ्याच्या पेटीत ठरावीकच रंग आहेत. हिरव्याच्या अनेक छटा, पिवळट, तपकिरी, करडा, आणि त्यावर काळसर ठिपके आणि पट्टे. लाल गालिच्यावर ठेवला तर तो लाल होणार नाही. घाबरून काळवंडेल, आणि आपण म्हणू की पाहा, बदलला रंग!

रंग बदलतो तो कसा? पूर्वी सांगत, की कातडीच्या पेशींतले रंगकण पसरतात आणि आखडतात. काळेपणापुरते ते आजही खरे आहे. परंतु जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका शॅमेलिऑनवर काम करून निराळीच गोष्ट उजेडात आणली. त्याच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर कातडीतल्या पिवळ्या रंगाचा थर असल्यामुळे आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश परतू लागतो. मोराच्या पिसातली निळाई जशी कोणत्याही रंगद्रव्याची नसते, तिच्या सूक्ष्म बांधणीची असते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की मोराला आपली बांधणी हलवता येत नाही.

आणि बदलतो तो कशासाठी? पहिले कारण अगदी घरगुती आहे. ऊन हवे असेल तेव्हा तो गडद होतो, कारण गडद अंग लवकर तापते. उन्हाकडची बाजू काळपट आणि सावलीकडची फिकट, असा दुरंगी घोयराही दिसतो. रात्री झोपताना तो फिकट, पिवळट पांढरा पडतो. दिवसा डोळ्यांदेखत हरवणारा हा प्राणी रात्री विजेरीच्या झोतात काटकीच्या टोकाशी चटकन सापडतो तो यामुळेच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनच्या जातींची तुलना करून २००८ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले, की ज्या जातींत रंगपालट सर्वांत मोठा, त्यांच्या परिसरात लपण्याची गरज काही जास्त नव्हती. जास्त होता तो एकमेकांना खुणावण्याचा भडकपणा. लपण्याचे काम रंग करीत नाहीत असे नव्हे. शत्रू पाहून सावध रंग घेणाऱ्या जातीही आहेत. परंतु या कलेची वाढ झाली ती मुख्यतः बोलण्यासाठी.

हे बोलणे किती सरळ असते, ते ॲरिझोना विद्यापीठांपैकी एकात झालेल्या प्रयोगांतून दिसले. येमेनकडच्या शॅमेलिऑनचे दोन नर समोरासमोर आणले, की दोघेही अंगावरचे पट्टे उजळवतात. ज्याचे पट्टे अधिक उजळ तो पुढे सरकण्याची शक्यता अधिक, आणि ज्याचे डोके झपाट्याने उजळते तो जिंकण्याची शक्यता अधिक. पुष्कळदा प्रकरण हातघाईवर येतच नाही. २०१४ च्या अभ्यासात पुढचा भाग आला. हरणारा नर काळवंडतो. ‘मी माघार घेतली, आता मारू नकोस’ असा तो निरोप, आणि समोरचाही तो मानतो. काही जातींच्या गाभण माद्या गडद रंग धारण करून नराला दुरूनच नकार कळवतात.

हे प्रयोग आपल्या घोयऱ्यावर झालेले नाहीत, त्याच्या भाऊबंदांवर झालेले आहेत. पण हिसडवला की फुगणारा, तोंड वासून फुत्कारणारा आणि काळे डाग उमटवणारा घोयरा ज्याने पाहिला आहे, त्याला या भाषेची लिपी ओळखू येते. ज्याला आपण ढोंगाचे प्रतीक केले, त्या प्राण्याला मनातले अंगावर न आणता राहताच येत नाही! ऊन हवे आहे, भीती वाटते, राग आला, हरलो, झोपलो, हे सारे तो जगजाहीर करतो. पुढाऱ्यांशी त्याची तुलना करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

समजुतींचे ओझे

गैरसमज काही आपलीच मक्तेदारी नाही. ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनचे बरेच बारकाईने वर्णन करून ठेवले होते. तरीही पुढे प्लिनीने तो हवा खाऊन जगतो असे लिहिले, आणि युरोपने ते दीड हजार वर्षे खरे मानले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटलाही ही समजूत ठाऊक होती. आपल्याकडे संस्कृतात सरड्याला कृकलास म्हणतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात आणि भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची कथा आहे. एका ब्राह्मणाला दिलेली गाय नकळत पुन्हा कळपात आली आणि राजाने ती दुसऱ्याला दान केली. त्या दोषापायी तो कृकलास होऊन विहिरीत पडला आणि श्रीकृष्णाच्या हातून सुटला. नृग लबाड नव्हता. त्याच्या हातून अजाणता चूक झाली होती. पुराणकाराने सरड्याला दिलेली वागणूक आजच्या भाषणबाजीपेक्षा कितीतरी सभ्य आहे.

खेड्यापाड्यांतल्या समजुती मात्र घोयऱ्याच्या जिवावर बेततात. तो विषारी आहे, थुंकतो, चावला तर माणूस दगावतो, असे अनेक ठिकाणी मानतात. यातले काहीही खरे नाही. जगातला एकही शॅमेलिऑन माणसाला विषबाधा करीत नाही. पण तोंड वासून फुत्कारणारा प्राणी दिसला की हातात दगड येतो. घोयरा पळू शकत नाही. कुंपणापर्यंत धावणारा सरडा वाचतो, हा मरतो. दुसरीकडे त्याच्या विचित्र रूपाचे आकर्षण वाटून त्याला पकडून विकणारे आणि घरात पाळणारेही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही शॅमेलिऑन आहेत.

कुंपण बदलते आहे

जागतिक यादीत घोयरा अजून धोक्यातल्या प्राण्यांत मोडत नाही. त्याचा प्रदेश मोठा आहे. परंतु प्रदेश मोठा असणे वेगळे आणि एखाद्या गावच्या शिवारात तो टिकणे वेगळे. इगतपुरीत खरा प्रश्न दगडाचा नाही, कुंपणाचा आहे.

घोयऱ्याला उडी मारता येत नाही. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायला दोन्ही एकमेकींना भिडलेल्या लागतात. निवडुंग, शेर, घायपात, निर्गुडी, मोगली एरंड, त्यात आपोआप रुजलेली करवंद आणि घाणेरी, असे जिवंत कुंपण म्हणजे त्याचा रस्ता, त्याचे स्वयंपाकघर आणि त्याचे घर. शेतकऱ्याने गुरे अडवायला लावलेली ही हिरवी भिंत वस्तीला रानाशी आणि एका शिवाराला दुसऱ्या शिवाराशी जोडत होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, घोयऱ्याची मात्र कुंपणातूनच पुढे होती.

ही कुंपणे झपाट्याने जात आहेत. मुंबई आणि नाशिक दोन्ही जवळ, हवा गार, धरणांचे पाणी समोर. त्यामुळे इगतपुरी तालुक्यात शेतघरे, रिसॉर्ट आणि प्लॉट यांची रीघ लागली. प्लॉट पडला की पहिले काम म्हणजे पोकलेन लावून जागा ‘साफ’ करायची, आणि दुसरे म्हणजे भिंत किंवा तारेची जाळी घालायची. तारेच्या जाळीवर किडे नाहीत, सावली नाही, लपायला पान नाही. मग जमिनीवरून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डांबरावर आलेल्या घोयऱ्याची चाल तीच, एक पाय उचलायचा आणि डुलायचे. मोटारीला तेवढा वेळ नसतो. मुंबई–आग्रा महामार्ग होताच. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. योगायोग असा, की तो दिवस पर्यावरण दिनाचा होता. या मार्गावर वन्यप्राण्यांसाठी पूल आणि भुयारे ठेवली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण एका झुडपावरून शेजारच्या झुडपावर जायला ज्याला सकाळ लागते, त्याने दूरच्या पुलाचा वळसा कसा घ्यावा?

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. पावसाळा सरला की घोयऱ्याची मादी झाडावरून खाली उतरते. मऊ जमिनीत पायांनी बीळ खणते, त्यात वीस-तीस अंडी घालते, माती पुन्हा लोटून जागा सारखी करते आणि निघून जाते. पिलांचे तोंड ती पाहत नाही. पुढचे कित्येक महिने ती अंडी जमिनीत, कोणाला पत्ता नसताना, वाढत राहतात. नेमके हेच महिने बांधकामाचे. भात निघाले की माती कोरडी होते, यंत्रे येतात, माळ सपाट होतो, बांध मोडतात. उन्हाळ्यात डोंगरउतारावर वणवे लागतात. झाडावरचा घोयरा एखादे वेळी कोणाला दिसेल आणि वाचेलही. जमिनीतल्या अंड्यांना वाचवायला कोणी येत नाही, कारण ती तिथे आहेत हेच ठाऊक नसते.

माणसाने भूमी बदलली की सरड्यांचे रंगही कसे बदलतात, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला एक देखणा सरडा राहतो. २०१६ साली संशोधकांनी अशा सरड्यांची नवी प्रजाती मांडली आणि तिचे नाव आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ असेच ठेवले. चाळकेवाडीचा तो ‘सरडा सुपर्बा’. त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या परिणामाचा अभ्यास झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी होते. त्यामुळे सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले! शत्रू गेला, गर्दी झाली आणि तेजही गेले. पठारावर पाते फिरू लागले आणि त्याचा हिशेब सरड्याच्या गळ्यावर उमटला.

इगतपुरीत रस्ते नकोत, घरे नकोत, असे कोणी म्हणणार नाही. तिथल्या माणसांनाही रोजगार हवा, दवाखान्यात लवकर पोचवणारी वाट हवी. परंतु प्लॉटला भिंतच हवी असा काही कायदा नाही. जुने कुंपण ठेवून आतून तार ओढता येते. बांधावरची झुडपे मुळासकट न उपटता छाटता येतात, आणि छाटण्याआधी क्षणभर आत पाहता येते. ग्रामपंचायतीला रस्त्याच्या कडेला शोभेच्या परदेशी झाडांऐवजी निर्गुडी आणि करवंद लावता येतील. रस्त्यावर डुलत निघालेला घोयरा दिसला, तर त्याच्यापुढे एक काठी धरावी. तो आपल्या चिमट्यांनी ती पकडतो. ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर त्याला सोडावे, मागे आणून ठेवू नये, कारण तो पुन्हा निघणारच. या कामाला खर्च नाही, की समिती नेमावी लागत नाही.

शाळांनाही एक सुचवावेसे वाटते. इगतपुरीच्या आसपासच्या मुलांना ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ हा वाक्प्रचार अर्थासकट पाठ असतो. वाक्यात उपयोगही करता येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या गुरुजींनी त्यांना गावाच्या कुंपणाशी नेऊन खरा घोयरा दाखवला, तर त्या वाक्प्रचारातले वाक्य ती कदाचित निराळे करतील. भाषेतला सरडा काही मरायचा नाही, त्याला पुढारी जगवतील. कुंपणातल्या घोयऱ्याला मात्र कुंपणच जगवू शकते.